सातबाऱ्यावरची दोन नावं

आमच्याकडं मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे. बारावी झाली की तो पास संपतो, आणि पुष्कळींचं शिक्षणही तिथंच थांबतं. नांदेड जिल्ह्यातल्या बाजाराच्या एका गावात मी 22 वर्षं शिकवलं. वर्गात पहिल्या आलेल्या पोरी दुसऱ्या दिवाळीच्या आत सासरी गेलेल्या पाहिल्या. निवृत्त झाल्यावर ठरवलं, गावातच वरिष्ठ महाविद्यालय काढायचं. तेही गावाचं, कुणा एका घराण्याचं नाही.

संस्था नोंदवायला सात सभासद लागतात. आम्ही अकरा झालो. त्यात बचत गटाच्या दोघी होत्या. 1860 च्या कायद्याखाली संस्था आणि 1950 च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास, हे सहा महिन्यांत आटोपलं. वर्गणी मागितली सोयाबीन विकल्यावर. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठासाठी हैदराबाद गाठावं लागायचं, तिथं शिकवणं उर्दूत. 1950 साली औरंगाबादला बाबासाहेबांचं मिलिंद महाविद्यालय निघालं, नांदेडला पीपल्स कॉलेज. बैठकीत मी हे सांगायचो आणि म्हणायचो, ती पायवाट आपल्या गावापर्यंत आणायची राहिली आहे. पोती विकून आलेल्या माणसांनी पाचशे-हजार काढून दिले.

विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात, म्हणजे नवी महाविद्यालयं कुठं हवीत याच्या आराखड्यात, गावाचा बिंदू असावा लागतो, नाहीतर अर्जच चालत नाही. आमचा होता. प्रस्ताव स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडं, तिथून शासनाकडं. मग इरादापत्र येतं. या वाटेनं जाणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, इरादापत्र म्हणजे मान्यता नव्हे. त्यातल्या अटी पूर्ण केल्यावरच अंतिम मान्यता मिळते.

आम्ही अडलो ते जमिनीवर. गावातल्या अण्णांनी रस्त्याकडेची दोन एकर द्यायचं कबूल केलं होतं. सातबारा काढला, तर त्यावर त्यांच्या दोन बहिणींचीही नावं. वडील वारल्यावर वारस म्हणून लागलेली, पण वहिवाट अण्णांचीच, म्हणून कुणाच्या ध्यानातच नव्हतं. बहिणींचं हक्कसोडपत्र करून घ्या, असा सल्ला सगळ्यांनी दिला. मलाही तेच सोपं वाटलं.

दोघी बहिणींपैकी थोरल्या आत्या परभणीकडं दिलेल्या. लगेच तयार झाल्या. धाकट्या आत्यांच्या घरी मी आणि अण्णा गेलो. त्यांनी चहा दिला, कागद सुनेकडून वाचून घेतला आणि बाजूला ठेवला.

"दादा, हक मी सोडत नसते."

अण्णांचा चेहरा उतरला. आत्या म्हणाल्या, "माझा हिस्सा मीच देते कालेजाला. कागदावर तसं लिवा. मला तिसरीतून काढलं व्हतं, तवा कुणी इचारलं नव्हतं. आता इचारायलात, तर नाव लागू द्या."

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या आधी तिचं नाव घाला."

मसुदा नव्यानं केला. बक्षीसपत्र तिघांचं. दुय्यम निबंधकाकडं धाकट्या आत्यांनी अंगठा न लावता सही केली. सुनेकडून पंधरा दिवस गिरवून घेतली होती. पुढं सातबाऱ्यावर संस्थेचं नाव लावायचा फेरफार मंजूर व्हायला दीड महिना गेला, आणि त्यापायी एक शैक्षणिक वर्ष हुकलं. त्या वर्षी बारावी झालेल्या पोरी आमच्या हातून निसटल्या, ही रुखरुख अजून आहे.

पुढच्या जूनमध्ये अंतिम मान्यता आली. बी.ए.च्या पहिल्या वर्गात 41 जण, त्यांत 27 मुली. ग्रंथालयाची खोली अजून पत्र्याची आहे. बक्षीसपत्रातली तिन्ही नावं तिच्या दारावर रंगवली आहेत, अण्णांनी सांगितलेल्या क्रमानं.