साउंड कार्ड गायब प्रकरण, आतापर्यंतची प्रगती

ग्राफिक्स कार्ड बदललं, सोबत दुसरी एनव्हीएमई एसएसडी टाकली, पॉवर सप्लायपण नवा, मशीन एका दमात बूट झालं, फॅन शांत, टेंपरेचर मस्त, आणि स्पीकरमधून एक चकार शब्द नाही. साउंड कार्ड जुनंच आहे, सी-मीडियाच्या ऑक्सिजन एचडी म्हणजे सीएमआय8788 चिपवालं, पीसीआय एक्सप्रेस एक्स1 (म्हणजे बोर्डाशी एकाच लेनने, एकाच डेटाच्या वाटेने जोडलेलं), ओएस लिनक्स, बाजूच्या पार्टिशनवर विंडोज.

अशा वेळी जो तो म्हणतो ड्रायव्हर काढ, परत टाक. मला हे अजिबात पटत नाही. कार्ड हरवलंय ते नेमकं कुठल्या पातळीवर हे आधी बघायचं: बोर्डाला दिसत नाहीये, की दिसतंय पण ड्रायव्हर लागला नाही, की सगळं लागलंय आणि आवाज भलतीकडेच चाललाय. ड्रायव्हरचा संबंध फक्त मधल्या केसमध्ये येतो.

मी सुरुवात शेवटच्या पातळीपासून केली कारण ते दोन मिनिटांचं काम. एप्ले मायनस एल (आवाजाची उपकरणं दाखवणारी कमांड) मारलं तर यादीत कार्ड 0 म्हणून ग्राफिक्स कार्डाचं एचडीएमआय. हे नेहमीचंच आहे, ग्राफिक्स कार्डावर स्वतःचा एचडी ऑडिओ कंट्रोलर असतो आणि मॉनिटर ईडीआयडीमध्ये (स्वतःची ओळख देतो त्या माहितीत) सांगून टाकतो की मला आवाज चालतो, भले त्याला स्पीकर नसोत, नुसतं मागे हेडफोनचं भोक असेल. मग सिस्टीम खुशाल तिकडे आवाज पाठवत बसते, व्हॉल्यूमचा मीटरपण छान नाचतो. बऱ्याच जणांचं प्रकरण इथेच मिटतं, डिफॉल्ट आउटपुट बदललं की झालं. माझं नाही मिटलं, कारण त्या यादीत माझं कार्डच नव्हतं.

मग एलएसपीसीआय, म्हणजे बोर्डाला दिसणाऱ्या पीसीआय उपकरणांची यादी. इथे एक गंमत आहे ती या चिपवाल्यांनी लक्षात ठेवा. सीएमआय8788 मुळात साधा, म्हणजे एक्सप्रेसच्या आधीच्या पद्धतीचा पीसीआय चिप आहे, एक्सप्रेसवाल्या कार्डांवर त्याच्या पुढे एक ब्रिज, म्हणजे दोन्ही पद्धती जोडणारा चिप, बसवलेला असतो. म्हणजे यादीत दोन गोष्टी दिसायला हव्यात, आधी ब्रिज आणि त्याच्या मागे ऑडिओ कंट्रोलर. ब्रिज दिसतोय आणि चिप नाही, तर संशय कार्डावर. दोन्ही नाहीत, तर आधी स्लॉट बघा. माझ्याकडे दोन्ही नव्हते.

बोर्डाचं मॅन्युअल काढलं आणि स्लॉटच्या तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात तळटीप सापडली: दुसऱ्या एम.2 मध्ये (एनव्हीएमई एसएसडी बसते त्या खाचेत) ड्राइव्ह बसवला की खालचा एक्स1 स्लॉट बंद. चिपसेटकडे लेन मोजक्याच असतात त्यामुळे बोर्डवाले त्या वाटून देतात, काही बोर्डांवर एम.2 भरला की साटाचे (केबलने जोडायच्या डिस्कचे) पोर्ट जातात, काहींवर असा स्लॉट जातो. तक्रार नाही, पण ही माहिती बोर्डावर स्लॉटच्या शेजारी छापायला काय हरकत आहे? स्लॉट तर तिथेच असतो, कार्ड पण मस्त खटकन बसतं, आणि आत लेनच नाही.

कार्ड उचलून लांब स्लॉटमध्ये टाकलं, जो दिसायला एक्स16 पण आतून एक्स4. एक्स1 कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये बिनधास्त चालतं. आणि साउंड कार्डाला बँडविड्थ लागते तरी किती, पहिल्या जनरेशनच्या एका लेनला सेकंदाला 250 एमबी मिळतात आणि 24 बिट 192 किलोहर्ट्झ स्टिरिओला सव्वा एमबीपण लागत नाही.

आता ब्रिज दिसला, चिप दिसला, ड्रायव्हर आपोआप लागला, आणि तरी आवाज नाही! कारण पॉवर. या कार्डाला स्लॉटशिवाय वेगळी पॉवर लागते, ती पण फ्लॉपी ड्राइव्हवाल्या छोट्या चार पिनांच्या कनेक्टरमधून, आणि नव्या सप्लायमध्ये तो कनेक्टर येतच नाही. चिप स्लॉटच्या पॉवरवर जागा होतो म्हणून यादीत सगळं ठीक दिसतं, अॅनालॉग बाजू मात्र उपाशी. (लिनक्सच्या व्हर्च्युओसो ड्रायव्हरमध्ये यासाठी खास मेसेज आहे, चालू मशीनमध्ये केबल काढली तर कर्नल लॉगमध्ये चक्क ओरडतो, "हे! डोन्ट अनप्लग द पॉवर केबल!" ज्याने लिहिलं त्याला सलाम.) मोलेक्स (सप्लायचा मोठा चार पिनांचा कनेक्टर) ते फ्लॉपी अडॅप्टर लावला आणि आवाज आला.

आला तो रीबूट केल्यावर परत एचडीएमआयवर. पाइपवायर (लिनक्समध्ये आवाज कुठे पाठवायचा ते बघणारा प्रोग्राम) आउटपुटचं नाव ठेवतो त्यात पीसीआयचा पत्ता असतो, स्लॉट बदलला की पत्ता बदलला, आणि नुसती एसएसडी वाढली तरी बसचे नंबर पुढेमागे होऊ शकतात, म्हणजे कार्डाला हातही न लावता जुनं डिफॉल्ट सेटिंग निकामी. डब्ल्यूपीसीटीएल या कमांडने नव्याने डिफॉल्ट लावलं, आणि अल्साच्या (लिनक्समधल्या साउंड ड्रायव्हरच्या थराच्या) कॉन्फिगमध्ये जिथे जिथे कार्ड नंबरने लिहिलं होतं तिथे नाव टाकलं. नंबरवर भरवसा ठेवूच नका. विंडोजमध्ये याचंच भावंड: नव्या स्लॉटमधलं कार्ड त्याला नवीन डिव्हाइस वाटतं, जुनं भूत डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपून बसतं, शो हिडन डिव्हायसेस केलं की फिकट दिसतं, तिथून उडवायचं.

आयएसएच्या (पीसीआयच्याही आधीच्या स्लॉटच्या) काळातल्या लोकांना हे सगळं पोरखेळ वाटेल म्हणा. तेव्हा पत्ता 220, आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) 5, डीएमए (थेट मेमरीशी बोलायचा चॅनेल) 1 हे कार्डावरच्या जंपरने, म्हणजे पिनांवरच्या छोट्या टोप्यांनी लावायचं, नवीन नेटवर्क कार्ड येऊन 5 वर बसलं की आवाज बंद, 7 वर जावं तर तिथे प्रिंटर पोर्ट. निदान भांडण कोणाचं कोणाशी ते तरी कळायचं.

सध्याची स्थिती: आवाज येतोय, पण ग्राफिक्स कार्डावर लोड आला की मधूनमधून चरचर. पीडब्ल्यू-टॉप (पाइपवायरचा चालू हिशेब दाखवणारी कमांड) उघडं ठेवून बघितलं तर एररचा कॉलम शून्यावरच, म्हणजे बफर वेळेवर भरतोय, सॉफ्टवेअरकडे बोट दाखवता येत नाही. माझा संशय अडॅप्टरवर, कारण तो त्याच केबलवर आहे जिच्यावर केसचे फॅन आणि जुनी हार्ड डिस्क पण आहे. पुढचं काम त्याला स्वतंत्र केबल देणं, आणि तेवढ्याने नाही गेलं तर फ्रंट पॅनलची ऑडिओ वायर ग्राफिक्स कार्डापासून लांबून फिरवून बघणार. कोणी याच चिपवर अशी चरचर घालवली असेल तर केबल आधी की वायर आधी ते सांगा.