आरतीच्या ताटातली चिल्लर खपवायची कशी – माझा अनुभव

मंडळाचा खजिनदार म्हणून माझं नाव पुढे केलं तेव्हा वाटलं वर्गणीचं पावतीपुस्तक सांभाळायचं, झालं काम. चिल्लरचं कोणी बोललंच नाही. लालबागची आमची चाळ जुनी, आता ताटाच्या बाजूला क्यूआर कोड पण लावलाय, तरी ताटात नाणं टाकल्याशिवाय लोकांना आरती घेतल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे विसर्जनानंतर बिस्किटांचे मोठे डबे भरून चिल्लर माझ्या घरी, आणि हिशोबाच्या मीटिंगआधी ती खात्यात दिसली पाहिजे.

पहिलं काम म्हणजे धुणं. हे कोणी सांगत नाही पण ताटातली नाणी म्हणजे कुंकू, तेल आणि अक्षता यांचा चिकट लगदा असतो, दोन नाणी एकमेकांना अशी चिकटतात की मोजताना एकच धरलं जातं. बादलीत कोमट पाणी आणि कपड्यांची पावडर, मग जुन्या पेपरवर पसरून रात्रभर फॅनखाली. समोरच्या मावशी म्हणाल्या चिंच लाव, लखलखतील. म्हटलं मावशी, बँकेत भरायचीत, देवघरात नाही ठेवायची. पण पूर्ण सुकवा, ओली पिशवीत भरली तर वास मारतात.

निवडायला कॅरम बोर्ड बेस्ट. चार कोपरे, चार नाणी – एक, दोन, पाच, दहा, विसाचं मधे. चाळीतली पोरं बसवली, पटापट झालं. फक्त लक्ष ठेवावं लागतं कारण जुना मोठा रुपया आणि नवीन दोनचं नाणं जवळपास सारख्याच आकाराचं आहे, आकडा बघितल्याशिवाय टाकायचं नाही. काट्यावर वजन करून मोजू असं एकजण म्हणाला, तेही इथे चालत नाही, जुनं जाड पाचचं नाणं ९ ग्रॅमचं आणि नंतर आलेलं पिवळं ६ ग्रॅमचं, दोन्ही मिक्स. त्यामुळे दहा-दहाच्या थप्प्या, दहा थप्प्या झाल्या की एक पारदर्शक पिशवी, आत चिठ्ठी. परदेशात कागदात गुंडाळून रोल करतात म्हणे, इथे ती मेहनत फुकट आहे, कॅशियर कागद फाडणारच. शंभर नाण्यांच्या प्लास्टिक पिशव्या सोयीच्या पडतात हे रिझर्व्ह बँकेनेच बँकांना लिहिलंय.

आता सगळं बँकेत नेऊ नका. एक-दोनची नाणी बाहेरच जातात आणि लोक थँक्यू म्हणून घेतात. टॅक्सीचं मिनिमम ३१ झाल्यापासून एकेक रुपयाला किंमत आलीये, बेस्टच्या एसी बसचं १२, म्हणजे वीस दिले की कंडक्टरला आठ परत द्यायचे. नाक्यावरचा वडापाववाला, दूधवाला आणि आमच्या मजल्यावर राहणारे एक टॅक्सीवाले काका, एवढ्यांनीच एक-दोनच्या बहुतेक पिशव्या उचलल्या, नोटा दिल्या नाहीतर सरळ मंडळाच्या क्यूआरवर टाकले. हे बेस्ट झालं, वजन उचलायला नको आणि एंट्री पण आली.

उरली पाच, दहा आणि वीसची. ती घेऊन आमच्या खात्याच्या बँकेत गेलो तर कॅशियर मॅडम पिशवीकडे बघूनच म्हणाल्या, "एवढी चिल्लर मोजायला माणूस नाही हो, सोमवारी या." सोमवारी तर आणखी गर्दी! आवाज न चढवता मॅनेजरना भेटलो. नियम असा आहे की बाजारात कोणी १००० रुपयांच्या वर नाणी घ्यायला बांधील नाही, पण बँकेत भरायला अशी मर्यादा नाही आणि चालू नाणी बँक नाकारू शकत नाही. मॅनेजर म्हणाले, महिन्याच्या मधे, दुपारी जेवणानंतर या. तसा गेलो, म्हटलं मॅडम कुठलीही एक पिशवी फोडून मोजा, त्यांनी दोन मोजल्या, बरोबर निघाल्या, बाकीच्या पटकन उरकल्या. काही बँका मोठ्या भरण्यावर चार्ज लावतात म्हणे, ते आधी विचारून घ्या.

दहाच्या नाण्यावरून कोणी कुरकुर केली, ₹ चिन्ह नसलेलं नको वगैरे, तर ऐकू नका, रिझर्व्ह बँकेने २०१८ मधे सांगितलंय की १४ डिझाइनची दहाची नाणी आहेत आणि सगळी चालतात. पन्नास पैसे पण कायद्याने चालू आहेत, दुकानदार तोंड वाकडं करतो तो भाग वेगळा. चार आणे मात्र ३० जून २०११ पासून बंद, ते ताटात अजून येतात, टाकणाऱ्या आजींना कोण सांगणार.

आणि मंडळाचे पैसे असतील तर मोजायला दोघं बसा, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या घ्या, शिक्का मारलेली स्लिप लगेच फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाका, आमच्या इथे मीटिंगमधे पहिला प्रश्न तोच आला.