ऐरोली ते किरुना : ध्रुवीय हिवाळ्यात वायुमापनासाठी जाणाऱ्यांना

उत्तर स्वीडनमधील किरुना येथे वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनसारख्या वायूंच्या हिवाळी मोजमापांसाठी यंदा ऐरोलीहून जाणे झाले. पुढील हिवाळ्यात ठाणे-नवी मुंबईतून जे विद्यार्थी तेथे जाणार आहेत, त्यांच्यासाठी हा वृत्तांत लिहीत आहे. मुंबईहून स्टॉकहोम आणि तेथून सुमारे दीड तासाचे विमान, हा सोयीचा मार्ग आहे. बलून व रॉकेटे सोडण्याचे एसरेंज केंद्र गावापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे.

डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे सूर्य उगवतच नाही. त्यामुळे सूर्यप्रकाशाच्या वर्णपटावरून वायूंचे प्रमाण काढणारी उपकरणे त्या काळात चालत नाहीत आणि वायूंचे स्वतःचे अवरक्त किंवा सूक्ष्मलहरी उत्सर्जन टिपणाऱ्या उपकरणांवर, अथवा बलूनमधून थेट केलेल्या मोजमापावर विसंबावे लागते. हा अंधाराचा काळ मात्र वाया घालवू नये. ध्रुवीय भोवऱ्यात, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या थंड हवेच्या वर्तुळात, तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की १५ ते २५ किलोमीटर उंचीवर ढग तयार होतात. त्यांच्या कणांवर निष्क्रिय क्लोरीन संयुगे सक्रिय होतात आणि सूर्य परतल्यावर ओझोनचा नाश सुरू होतो. त्याआधीची नोंद नसेल, तर वसंतातील आकड्यांची तुलना कशाशी करणार?

ओझोनबरोबर नायट्रस ऑक्साइड मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असे माझे ठाम मत आहे. भोवऱ्यातील हवा हिवाळाभर खाली उतरत असते आणि वरचा ओझोन सोबत आणते, त्यामुळे रासायनिक घट झाकली जाते. नायट्रस ऑक्साइड दीर्घायुषी असून उंचीनुसार कमी होत जातो. म्हणून हवा किती खाली आली, हे त्यावरून कळते.

सामान बांधताना सर्वाधिक काळजी उपकरणात हवा नेणाऱ्या नळ्यांची घ्यावी. स्थितांबरात, म्हणजे वर सांगितलेले ढग होतात त्या उंच थरात, पाण्याची वाफ दशलक्षात जेमतेम ५ भाग असते, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेतला ओलावा नळ्यांच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. निघण्यापूर्वी कोरडा नायट्रोजन बराच वेळ सोडून नळ्यांची तोंडे घट्ट बंद करावीत. अंशशोधनाच्या (उपकरणाचे आकडे तपासून जुळवण्याच्या) वायूचे भरलेले सिलिंडर प्रवासी सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे तेथील यजमानांना ते आधीच मागवून ठेवायला सांगावे. बाहेरून आत आणलेले उपकरण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद प्लास्टिक पिशवीतच ठेवावे, नाहीतर त्यावर दव जमते. जमिनीलगतचा वारा शांत नसेल तर मोठे बलून सोडत नाहीत, म्हणून परतीचे तिकीट बदलता येण्याजोगेच काढावे.