पुढे काय होणार, हे मुलाला आधी कळू द्या

कोल्हापुरात वर्षातले कितीतरी दिवस आवाजाचे असतात. गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुका, नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती उसळणारी गर्दी, पेठेतल्या तालमीच्या संघाने फुटबॉलचा सामना जिंकल्यावर होणारा जल्लोष, लग्नाच्या वराती. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले, मूल ज्या घरात आहे त्या घराला हे दिवस आधीपासून आखावे लागतात.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की तो दोन्ही कान घट्ट दाबून धरतो. पण गल्लीच्या टोकाला हलगी वाजत असेल, तर खिडकीत बसून बराच वेळ मांडीवर तोच ठेका धरतो. पाहुण्यांना हे विसंगत वाटते. माझ्या मते त्यात विसंगती नाही. हलगीचा पुढचा ठोका केव्हा पडणार हे त्याला कळते, मिक्सर मात्र कोणतीही सूचना न देता सुरू होतो. आवाज किती मोठा आहे याइतकेच तो अपेक्षित आहे की नाही, हेही त्याच्यासाठी महत्त्वाचे असते, हे लक्षात आल्यापासून आमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी बदलल्या. मिक्सर लावण्याआधी आम्ही आता तीन, दोन, एक असे मोजतो.

आवाज, प्रकाश, स्पर्श यांना अशी मुले फार तीव्र किंवा अगदी कमी प्रतिसाद देतात, ही बाब 2013 साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेच्या निकषांमध्ये स्पष्टपणे आली. गर्दीत जमिनीवर अंग टाकून ओरडणाऱ्या मुलाकडे पाहून ‘लई लाडावलंय पोरगं’ म्हणणाऱ्यांपर्यंत मात्र ती अजून पोचलेली नाही. हट्ट करणारे मूल समोरच्याकडे अधूनमधून पाहत असते आणि हवी ती वस्तू मिळाली की शांत होते. संवेदनांचा भार असह्य झालेल्या मुलाला त्या क्षणी काहीही देऊ केले तरी उपयोग होत नाही. अशा वेळी बोलणे कमी करावे, प्रश्न विचारू नयेत, त्याला आवडत नसेल तर अंगाला हात लावू नये आणि शक्य तितक्या लवकर मोकळ्या, कमी उजेडाच्या जागी न्यावे. रागावणे तर टाळावेच, कारण रागावलेला आवाज हा आणखी एक आवाज असतो.

गणपती पाहायला जायचे असेल, तर आम्ही आदल्या दिवशी मोबाईलमधले फोटो क्रमाने दाखवतो: रिक्षा, मांडव, मूर्ती, प्रसाद, पुन्हा रिक्षा, घर. परतीचा फोटो सर्वांत महत्त्वाचा, कारण हे कुठे संपणार आहे हे त्यातून त्याला कळते. आम्ही सकाळी, स्पीकर सुरू होण्याआधी जातो. कानांवर लावायचे इअरमफ सोबत असतात. मात्र स्पीकरचा खालच्या पट्टीतला, छातीत जाणवणारा दणका त्यांनी पुरेसा अडत नाही, म्हणून महाद्वार रोडवरची विसर्जन मिरवणूक आम्ही टाळतो. इअरमफ दिवसभर लावून ठेवणेही योग्य नाही, त्याने रोजचे साधे आवाजही अधिक बोचू लागू शकतात.

नातेवाइकांना इतके सगळे समजावताना दमायला होते, हे मी मान्य करते. तरीही सांगत राहावे; मुलाच्या आजीला एकदा पटल्यावर तिनेच आरतीच्या वेळची झांज दुसऱ्या खोलीत नेली.

शाळेकडे मागणी करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी देण्याची जबाबदारी त्यात शाळांवर टाकलेली आहे. स्नेहसंमेलनाआधी मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज द्यावा. मुलाला दाराजवळची खुर्ची मिळावी, कार्यक्रमांचा क्रम आदल्या दिवशी कळावा, आणि तो उठून बाहेर गेला तर त्याला अडवण्याऐवजी ओळखीच्या एका शिक्षकाने सोबत जावे, एवढे त्यात लिहिले तरी पुरते.