भाकरीचे वजन आणि माझे उद्दिष्ट

शनिवार, रात्र

आज दुपारी आहार नोंदवण्याच्या ॲपमधले माझे उद्दिष्ट पुसून नव्याने मांडले. गेले तीन आठवडे मी रोज १४८० कॅलरींच्या आत राहिले होते, निदान ॲपच्या हिशेबाने तरी, आणि वजन मात्र ६८ किलोवर जे बसले होते ते हलायला तयार नव्हते. पहिल्या आठवड्यात मी ॲपला दोष दिला, दुसऱ्या आठवड्यात वयाला. तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे परवा, स्वतःची उत्तरे तपासण्याची बुद्धी झाली.

ॲपने सुरुवातीला मोजकेच प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या वय, उंची, वजन यांबद्दल खोटे बोलण्यासारखे काही नव्हते. त्याच्या माहितीपानावर मिफ्लिन-सेंट जिओर हे १९९० सालचे सूत्र वापरल्याचे लिहिले आहे, म्हणून मी ते वहीवर करून पाहिले: वजनाची दहापट, त्यात उंचीच्या सेंटिमीटरांची सव्वासहापट मिळवायची, वयाची पाचपट वजा करायची आणि स्त्री असल्यास आणखी १६१ वजा करायचे. १५८ सेंटिमीटर उंची आणि ४६ वर्षे वय धरून माझा आकडा सुमारे १२७७ आला. दिवसभर नुसते पडून राहिले तरी शरीर एवढे खर्च करील. पुढचा गुणाकार हालचालीचा असतो, आणि तिथेच मी ‘मध्यम सक्रिय’ निवडून मोकळी झाले होते. दिवसाचे आठ तास खुर्चीत बसणाऱ्या आणि संध्याकाळी चाळीस मिनिटे चालणाऱ्या बाईने ‘थोडी सक्रिय’ हे निवडायला हवे होते. १.५५ ऐवजी १.३७५ ने गुणले की दिवसाचा खर्च १९७९ वरून १७५५ वर येतो. फरक २२४ कॅलरींचा, म्हणजे जवळजवळ एका भाकरीचा.

पण भाकरी म्हणजे किती, हेही मला आजच कळले. ॲपच्या यादीत ‘ज्वारीची भाकरी, १ नग’ असे लिहून १२० कॅलरी दिल्या आहेत. ती कोणाच्या घरची भाकरी असेल ती असो, आमच्या घरची नव्हे. सकाळी परात काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि तीन भाकऱ्यांचे कोरडे पीठ घेतले, ते २१० ग्रॅम भरले. ज्वारीत १०० ग्रॅममागे साधारण ३३५ कॅलरी असतात, म्हणजे आमची एक भाकरी २३० च्या पुढे जाते, आणि मी दुपारी दोन खाते. सासूबाई हे सगळे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, पीठ मोजतेस ते ठीक आहे, पण भाकरी मोजून वाढू नकोस.” त्यांचे म्हणणे मला पटले, यापुढे पिठावरच थांबायचे ठरवले आहे.

तेलाची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे, कारण ते मी कधी नोंदवलेच नव्हते. काल सकाळी आणि रात्री तेलाची किटली काट्यावर ठेवली, तर दिवसभरात ४८ ग्रॅम कमी झाले होते. खाणारी माणसे तीन, म्हणजे माझ्या वाट्याला १६ ग्रॅम. आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममागे नऊ कॅलरी, म्हणजे १४४. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या ग्रॅमला चारच कॅलरी असतात, म्हणून फोडणीत हात जरा सैल सुटला तरी हिशेब इतका बिघडतो.

आता नवे उद्दिष्ट. पूर्वीप्रमाणे आठवड्याला अर्धा किलो उतरवायचे म्हटले असते, तर खऱ्या खर्चातून रोज ५०० वजा जाऊन हाती १२५५ राहिल्या असत्या, आणि त्यावर मी चार दिवसही टिकले नसते. पाव किलोचा वेग धरला आणि १५०५ आले, ते मी १५०० केले. गंमत अशी की आकडा जुन्याच्या जवळपासच आहे. फरक एवढाच की आता त्यात तेल आणि भाकरी खऱ्या मापाने बसणार आहेत.

घटकांची वाटणी ॲप टक्क्यांत करते: कर्बोदके ५०, प्रथिने २०, स्निग्ध ३०. प्रथिनांसाठी ही पद्धत मला पटली नाही, कारण कॅलरी कमी केल्या की टक्क्यांबरोबर प्रथिनेही घटतात, आणि वजन उतरवताना नेमके तेच व्हायला नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. माझ्या वजनाला ती ५६ ग्रॅम होतात. मी ६० ठेवली. ॲपचा ७४ चा आकडा आमच्या शाकाहारी घरात रोज रात्री लाल दिसत असे, कारण माझी मजल ४५ पर्यंतच जात होती. स्निग्ध ५० ग्रॅम ठेवले आणि उरलेल्या ८१० कॅलरी कर्बोदकांना दिल्या, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम. भाकरी आणि भात सोडण्याचा माझा विचार नाही, म्हणून ही बाजू मुद्दाम मोठी ठेवली.

उद्या एकादशी. तिघांसाठी दीडशे ग्रॅम साबुदाणा भिजत घातला आहे. त्यात प्रथिने नावालाच असतात आणि दाण्याच्या कुटाने फार तर पाच ग्रॅमची भर पडेल, म्हणून आज दूध थोडे जास्त घेऊन विरजण लावले आहे.