कार्ड धान्यासाठी नसतं

13 नोव्हेंबर 2025, गुरुवार रात्री

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एकच विषय. कुणीतरी कुठला तरी व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "टॅक्स आपण भरायचा आणि लाडकी बहीणचे दीड हजार बांगलादेशी घुसखोरांनी उचलायचे." त्यावर धडाधड अंगठे पडले. दुपारी सेक्रेटरींचा फतवा निघाला: रविवारपासून कामवाल्या बायका, इस्त्रीवाला, दूधवाला, सगळ्यांनी गेटवर मूळ आधारकार्ड दाखवायचं, झेरॉक्स चालणार नाही.

जानेवारीपासून इकडे हे वारं जरा जास्तच आहे. सैफ अली खानवर चाकूहल्ला केल्याच्या संशयावरून ज्याला पकडलं, तो ठाण्यात सापडला, घोडबंदर रोडच्या हिरानंदानी इस्टेटजवळ, लेबर कॅम्पच्या आसपास. तो बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं. त्या दिवसापासून आमच्याकडे बंगाली बोलणाऱ्या कुठल्याही गवंड्याकडे लोक वळून बघतात.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. लिहिलं की "मग ठेवा तुमच्या घरात" हे उत्तर ठरलेलं. शिवाय त्या ओळीतलं सगळंच मला चूक वाटत नाही. चोरून सीमा ओलांडून आलेल्या माणसाला सरकारी योजनेचा पैसा मिळू नये, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. माझे वडील साताऱ्यातल्या जावळीहून मशीद बंदरला आले, पुढे बाजार तुर्भ्याला आला तसे ते इकडे आले, जन्मभर माथाडी म्हणून पाठीवर गोण्या वाहिल्या. म्हणून काय "आपणही बाहेरचेच की" हे लाडकं वाक्य मी म्हणणार नाही. जावळीहून तुर्भ्याला येणं आणि कुंपण ओलांडून येणं एक नव्हे. आणि असा पैसा गेल्याचं उदाहरणही आहे. जानेवारीत मुंबईत पकडलेल्या एका बांगलादेशी बाईच्या खात्यात लाडकी बहीणचे हप्ते आल्याची बातमी होती. तिचे कागद करून देणारा दलालही तेव्हाच धरला होता. त्या दलालाबद्दल मात्र ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नाही.

आता हिशेबच करायचा तर नीट करू. यंदाच्या पडताळणीत सरकारनेच सांगितलं की 26 लाखांहून जास्त लाभार्थी अपात्र दिसतात, त्यांचे पैसे थांबवलेत. त्यात एका घरातल्या दोनपेक्षा जास्त बायका, आधीच दुसरी योजना घेणाऱ्या, आणि 14 हजारांवर चक्क पुरुष. सरकारी नोकरीतल्या बायकाही निघाल्या, दोन हजारांच्या वर. बहीण म्हणून महिना दीड हजार उचलणारे हे भाऊ कुठलं कुंपण ओलांडून आले होते? ह्यावर ग्रुपवर कधी व्हिडिओ आलेला मला आठवत नाही.

15 नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी मावशींची लाडकी बहीणची केवायसी करायला बसले. मावशी आमच्या मजल्यावर भांडी करतात. मूळच्या जालना जिल्ह्यातल्या, अंबडकडच्या. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, वडील त्याच्याही आधी गेले.

पोर्टलवर बाईचा आधार क्रमांक टाकला की ओटीपी येतो. तो आला. पुढच्या पानावर पती किंवा वडील यांपैकी एकाचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी. तिसरा पर्यायच नाही. मी विचारलं, "मावशी, मालकांचं आधार काढलं होतं का?"

"काढलं व्हतं की. पर त्याला मोबाइल कुठं जोडलेला व्हता? अन् आता फोन लावून बी कोन उचलनार?"

आणि स्वतःच हसल्या. मुदत 18 तारखेची, म्हणजे मंगळवारपर्यंत. ज्या विधवांसाठी खरं तर हे पैसे, त्यांनाच नवऱ्याच्या मोबाइलवरचा ओटीपी विचारणारा हा फॉर्म कुणी आखला असेल?

रेशनचंही तेच. मावशींचं कार्ड केशरी, गावचं नाव कमी करून दाखला आणून इथे केलेलं. माणशी पाच किलो धान्य मिळतं, पण यंत्रावर अंगठा जुळला तर. मशीन त्यांचं बोट घेत नाही. मी एकदा मुद्दाम त्यांच्याबरोबर दुकानात गेले होते. आधी उजवा अंगठा, लाल दिवा. मग तर्जनी, लाल. मग डावा हात. मावशी बोट पदराला घासघासून पुसतात, दुकानदार ओलं फडकं देतो, पुन्हा लावतात. मागची रांग चुळबुळ करते. अंगठा उलटा करून मला दाखवला तर त्यावर रेषा अशा नाहीतच. आधी राख, मग पावडर, आता लिक्विड; सगळं गुळगुळीत झालंय. दुकानदार भला म्हणून दहा-दहा वेळा लावून बघतो. त्याच्या जागी दुसरा असता तर "पुढच्या महिन्यात या" म्हणाला असता.

एप्रिलमध्ये राज्याने अपात्र शिधापत्रिका शोधायची मोहीम काढली. परदेशी नागरिकांची कार्डं रद्द करायची, हे त्या आदेशात स्पष्ट होतं आणि ते योग्यच. पण प्रत्येक कार्डधारकाने राहत्या जागेचा पुरावा द्यायचा, तोही एका वर्षाच्या आतला. मावशी घणसोली गावठाणात भाड्याच्या खोलीत राहतात. घरमालक आगरी, माणूस चांगला, सणाला नैवेद्याचं ताट पाठवतो. पण भाडेकरार करून देत नाही, कारण ती इमारतच ‘गरजेपोटी’ बांधलेली. 1970 पासून नवी मुंबई वसवायला सिडकोसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, गावठाणं मात्र होती तेवढीच राहिली, मग पोरांची लग्नं झाली तसे लोकांनी मजले चढवले. ती घरं नियमित करायचे शासन निर्णय निघताहेत, निघताहेत. घराला कागद नाही म्हणून भाड्याला कागद नाही, भाड्याला नाही म्हणून कार्डाला धोका.

आणि दलालाने केलेली फाइल बघा. भाडेकरार, लाइटबिल, शाळा सोडल्याचा दाखला, नगरसेवकाच्या लेटरहेडवरचं पत्र (नवी मुंबईत 2020 पासून नगरसेवक नाहीत, तरी लेटरहेडं आहेत). खोटी फाइल कधी अर्धवट नसते. अर्धवट असते ती मावशींची.

रात्री भाऊजी जेवायला होते. त्यांच्याशी या विषयावर जुंपणार हे ठरलेलंच.

"वहिनी, मावशींची गोष्ट वेगळी आहे हो. पण म्हणून तपासायचंच नाही का? आणि तुम्ही धान्याचं काय धरून बसलात? धान्य हवंय कुणाला? कार्ड हवं असतं. कार्ड झालं की मतदार यादीत नाव, मग पॅन, मग पासपोर्ट."

हे ते अगदी बरोबर बोलले. आमचंही पांढरं कार्ड कपाटात आहे. त्यावर एक दाणा मिळत नाही, तरी आम्ही ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून सोन्यासारखं जपतो. लपून राहणाऱ्या माणसाला तर दर महिन्याला रांगेत उभं राहून यंत्रावर अंगठा लावायची हौस नसणारच. त्याला एकदाच काय ते कार्ड पाहिजे, आणि ते विकणारा माणूस इथलाच, बोलीभाषाही इथलीच. म्हणूनच तपासणी व्हायला हवी ती कार्ड तयार होतं त्या टेबलापाशी: अर्ज कुणी भरला, पत्ता कुणी पडताळला, सही कुणाची. आपण ती करतो कुठे, तर धान्य वाटतात तिथे. तिथे मावशीच सापडणार.

मग आधारकार्डाचं निघालं. 2016 च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमातच लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. तो ‘रहिवाशाला’ मिळतो. आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस इथे राहिलेला असला की झालं. नव्या कार्डांवर तसं छापलेलंही असतं. म्हणजे गेटवर मूळ आधार बघून सेक्रेटरींना नेमकं काय कळणार, ते त्यांनाच ठाऊक. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका आरोपीचा जामीन फेटाळताना सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र एवढं असल्याने कुणी भारताचा नागरिक ठरत नाही.

भाऊजी खूश. "बघा!"

मी म्हटलं, बघते की. पण मग तुमचं-माझं कशावरून ठरतं? कायदा असा आहे की 1 जुलै 1987 च्या आधी इथे जन्मलात तर जन्माने नागरिक. त्यानंतर आई-वडिलांपैकी एक नागरिक हवा. 3 डिसेंबर 2004 पासून दुसराही बेकायदा आलेला नको. आणि परदेशी नसल्याचं सिद्ध करायचं ते ज्याच्यावर संशय त्याने. 1946 च्या कायद्यात तसं होतं, यंदा सप्टेंबरपासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तसंच आहे. भाऊजी जन्मले 1979 ला, त्यांचं निभावेल. मावशींचा नातू ऊसतोडीच्या फडावर, कोपीत जन्मला. त्याची नोंद कुठेच नाही. 2023 च्या दुरुस्तीने उशिराच्या जन्मनोंदीचे अधिकार न्यायालयाकडून महसूल अधिकाऱ्यांकडे आले. मालेगावात त्यावरून गैरप्रकाराचे आरोप झाले, जानेवारीत राज्याने विशेष तपास पथक नेमलं, मग नियम कडक झाले. ते व्हायलाच हवे होते. पण मावशींच्या सुनेला गावाकडच्या कचेरीत सांगितलंय, "सध्या थांबा." पोरगा सहा वर्षांचा होईल. शाळेचं तेवढं बरं आहे, वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं शिक्षणहक्काच्या कायद्यात आहे. आणि तिथे नागरिकत्वही विचारत नाहीत. ग्रुपवर हे लिहिलं तर मलाच काढून टाकतील.

भाऊजींना शेवटी मीरा रोडची गोष्ट सांगितली. तोही आपलाच ठाणे जिल्हा. तिथून जूनमध्ये पोलिसांनी उचललेला एक गवंडी सीमा सुरक्षा दलाने बांगलादेशात ढकलला. माणूस निघाला मुर्शिदाबादचा. पश्चिम बंगाल सरकार मध्ये पडलं तेव्हा त्याला परत आणला. मुर्शिदाबाद आणि सीमेपलीकडचं राजशाही यांच्यामध्ये नदी आहे, भाषा दोन्हीकडे बंगालीच. कानाने नागरिकत्व ओळखायचं तर असंच होणार. ज्याला परत पाठवायचं त्याला पाठवा, पण आधी कोर्टापुढे उभा करा.

"कोर्टात वीस वर्षं जातील," भाऊजी म्हणाले. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. त्यांनी ताक संपवलं आणि निघाले.

18 नोव्हेंबर, मंगळवार

केवायसीची मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. ज्यांचे पती आणि वडील हयात नाहीत त्यांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. म्हणजे आता दाखला. तो गावच्या ग्रामपंचायतीत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं. मावशी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने जातील. दोन खाडे होतील. त्यातल्या एका घरी पैसे कापतात.

गेटवर रविवारपासून आधार तपासणं सुरू झालंय. वॉचमन मोबाइलच्या उजेडात कार्ड धरतो, फोटो बघतो, बाईकडे बघतो, वहीत नंबर उतरवतो. वहीत आता चाळीसेक बायकांचे आधार क्रमांक, पत्ते, फोन सगळं आहे आणि वही टेबलावर उघडी पडलेली असते. दलालाला आणखी काय हवं?

आज एक गोष्ट केली. उन्हाळ्यात आपल्या इमारतीला वॉटरप्रूफिंग आणि रंग झाला. परांचीवर दोन महिने पोरं लटकत होती, गच्चीवर झोपत होती, रात्री पाण्याच्या टाकीजवळ भात शिजवत होती. ठेकेदार निवडला कारण त्याचा दर सगळ्यांत कमी होता, आणि तेव्हा त्याबद्दल टाळ्या वाजल्या होत्या. त्या मजुरांची यादी, पोलीस पडताळणी, काही कमिटीने घेतलं होतं का, असं मी ग्रुपवर विचारलं. स्वस्तातला माणूस जो आणतो त्याला विचारायचं नाही आणि भांडी घासणारीचं कार्ड उजेडात धरून बघायचं, हे काही मला पटत नाही. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या, असंही लिहिलं.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "प्रश्न योग्य आहे." सेक्रेटरींचं उत्तर संध्याकाळी आलं: "पुढच्या वर्षी टेरेसचं काम आहे तेव्हा बघू." मी लगेच लिहिलं, मग टेंडरच्या अटींत आत्ताच घालून घ्या. मसुदा मी करून देते.