वेगमर्यादा कुणी सांगायची?

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांसाठी आम्ही भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवणारा बोर्ड बनवतो. त्यावरची फ्लॅश, म्हणजे नोंदी साठवणारी चिप, एसपीआय नँड जातीची. तिच्याशी बोलणारं हार्डवेअर म्हणजे कंट्रोलर, आणि तो चालवणारा लिनक्समधला कोड म्हणजे ड्रायव्हर. तो माझ्याकडं होता.

चिपच्या डेटाशीटप्रमाणं साध्या कमांड १०४ मेगाहर्ट्झपर्यंत चालतात, पण डीटीआर वाचन, म्हणजे घड्याळाच्या दोन्ही कडांवर डेटा, फक्त ८० पर्यंत. तरी चार तारांवर साधं वाचन सेकंदाला जास्तीत जास्त ५२ मेगाबाइट देतं आणि डीटीआर ८०. म्हणून ते सोडवत नव्हतं. डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे लिनक्सला सांगणाऱ्या फाइलीत, मात्र त्या चिपसाठी वेगाची ओळ एकच. तिथं ८० लिहिलं की बाकी सगळं उगाच मंदावतं, १०४ लिहिलं की डीटीआरचा भरवसा जातो.

मी जवळची वाट धरली. कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्येच ऑपकोड, म्हणजे कमांडचा क्रमांक, बघायचा, डीटीआरचा असला की घड्याळ उतरवायचं. चाललं. मग खरेदीवाल्यांनी दुसऱ्या कंपनीची चिप आणली. ऑपकोड तोच, मर्यादा आणखी खाली. वाचताना ईसीसीच्या, म्हणजे चुकलेले बिट सुधारणाऱ्या कोडच्या, दुरुस्त्या वाढत गेल्या. आमच्या मॅडमनी कोड बघून एवढंच विचारलं, "अरे, कंट्रोलरला चिपचा स्वभाव कशाला ठाऊक पाहिजे?"

रात्री घरी जाताना रंकाळ्यावर थांबलो, तेव्हाही तोच प्रश्न डोक्यात होता.

लिनक्स ६.१४ मध्ये याची नीट सोय झाली आहे, म्हणून आम्ही त्या कर्नलवर गेलो. प्रत्येक ऑपरेशनच्या, म्हणजे चिपला दिलेल्या एकेका कमांडच्या, रचनेत कमाल वेगाचं एक फील्ड असतं. ते चिपच्या ड्रायव्हरमधल्या तक्त्यातून भरतं. शून्य म्हणजे चिपची वेगळी अट नाही. चिपचा ड्रायव्हर आणि कंट्रोलरचा ड्रायव्हर यांच्या मधला कर्नलचा गाभा ते फील्ड आणि डिव्हाइस ट्रीतला वेग यांतला कमी तो घेतो. कंट्रोलरनं फक्त त्या ऑपरेशनसोबत आलेल्या आकड्यावर घड्याळ लावायचं.

मी तसं केलं, पण डीटीआर निवडलंच जाईना. तक्रार नाही, एररही नाही, वेग मात्र पडलेला. दीड दिवस गेला. कंट्रोलरनं 'मी दर ऑपरेशनला वेग बदलू शकतो' असं एका फ्लॅगनं जाहीर करावं लागतं, तो मी लावला नव्हता. फ्लॅग नसेल तर कमी वेग मागणारं ऑपरेशन गाभा सरळ नाकारतो. आधी राग आला, पण विचार केल्यावर हीच गोष्ट मला सगळ्यात आवडली. ज्या जुन्या ड्रायव्हरला हे फील्ड माहीतच नाही, तो १०४ नंच वाचत राहिला असता आणि भट्टीचं चुकीचं तापमान आम्ही खरं धरलं असतं. मंद पण बरोबर वाचन केव्हाही परवडतं.

फ्लॅग लावला. ऑसिलोस्कोपवर डीटीआरला ८० आणि लिहिताना १०४ दिसले. दुसऱ्या चिपसाठी तिच्या तक्त्यात तिचा आकडा घातला. कंट्रोलरच्या ड्रायव्हरला हात लावावा लागला नाही, आणि माझी ऑपकोडची यादी मी त्याच दिवशी पुसून टाकली.